पाय टेकण्यापुरती उंची

माझी उंची पाच फूट एक इंच. कविसंमेलनात माझं नाव पुकारलं की माईकवाला मुलगा न सांगता पुढे येतो आणि दांडा खाली करून जातो. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माईक खाली येतो, आपलं काम होतं, पुढचा कवी आला की तो पुन्हा वर जातो. मोटारसायकल मात्र अशी खाली-वर होत नाही, तिच्या उंचीला आपणच पुरं पडायचं असतं, अशी माझी पंचवीस वर्षं समजूत होती. ती चुकीची निघाली. गाडी खाली येते. किती येते, कशी येते आणि कुठे हात आवरायचा, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका मुलीमुळे कळलं. तेच आज सांगणार आहे.

आधी माझी फजिती सांगतो. १९९८ सालची गोष्ट. महाडला एका लग्नाला जायचं होतं. भोरहून महाड म्हणजे वरंधा घाट. एका मित्राची चांगली भारदस्त गाडी मागून आणली, मागे पत्नीला बसवलं आणि निघालो. निगुडघर गेलं, हिर्डोशी गेलं. गाडी चालत होती तोवर मी राजा होतो, कारण चालत्या गाडीवर माणसाची उंची कुणी मोजत नाही. घाटातल्या एका वळणावर समोरून एस.टी. आली. मी डावीकडे घेऊन थांबलो आणि डावा पाय खाली सोडला. जिथे डांबर संपतं आणि साईडपट्टी सुरू होते, तिथे चार बोटं खोल कड तुटलेली होती. उंच माणसाला ती जाणवलीही नसती. माझा पाय मात्र हवेतच राहिला. गाडी कलली. कललेली गाडी एका पायावर सावरणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. आम्ही दोघं पडलो. एस.टी.तली माणसं उतरून आली, त्यांनी गाडी उचलली. पत्नीचं मनगट मोडलं होतं.

सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता. ती मला एका शब्दानं बोलली नाही. पण मी गाडीला हात लावणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, ‘कवी माणसाला एस.टी.ची खिडकी बरी.’ खरं कारण वेगळं होतं. गाडी आपल्यासारख्यांसाठी नाही, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आरोग्यसेविका म्हणून वेल्ह्याकडे कामाला लागली. तिची उंची चार फूट अकरा इंच, वजन पंचेचाळीस किलो. एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला, ‘भाई, हिला तुम्हीच समजवा. गिअरची गाडी घ्यायची म्हणते.’ मी समजावायलाच गेलो होतो. म्हटलं, ‘बेटा, स्कूटर घे ना.’ ती म्हणाली, ‘मामू, तुम्ही एकदा पासलीच्या पुढे केळदपर्यंत पावसाळ्यात येऊन बघा. स्कूटरचं चाक खड्ड्यात उतरतं आणि तिथेच बसतं.’

तिचं म्हणणं बिनचूक होतं. स्कूटरचं चाक साधारण दहा किंवा बारा इंची रिमचं असतं, मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची. मोठं चाक खड्ड्यावरून जाताना कमी खोल उतरतं आणि पलीकडची कड सहज चढतं. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असतं, याचं उत्तरही तेच. वेल्हे गावापर्यंतचा रस्ता सोडा, पण आतल्या वाड्यावस्त्यांवर, भाताच्या खाचरांच्या बाजूनं जाणाऱ्या वाटांवर छोट्या चाकाची गाडी दमते. आणि लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. लशींचा डबा घेऊन निघालेली सेविका वाटेत अडकली तर आयांना लेकरं तशीच घेऊन परत जावं लागतं. ही गाडी हौसेची नव्हती.

दुकानात गेलो तर विक्रेत्यानं तिच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि स्कूटरच्या रांगेकडे हात केला. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर मला १९९८ सालचा मी दिसलो. त्या दिवशी ठरवलं, या विषयाचा नीट अभ्यास करायचा. एका जुन्या मिस्त्रींना गाठलं. या लेखातली अर्धी अक्कल त्यांची आहे.

मिस्त्रींनी पहिला धडा दिला तो मोजमापाचा. ते म्हणाले, ‘उंची विसरा, पायाची लांबी सांगा.’ दोन माणसं सारख्या उंचीची असली तरी एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याचे पाय. मोजायची पद्धत सोपी आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं. दोन्ही पायांच्या मधे एक पुठ्ठ्याचं पुस्तक धरून ते सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे आपल्या पायाची लांबी. भाचीची भरली अडुसष्ट सेंटिमीटर.

आता दुसरी बाजू, गाडीची. प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात सीटची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. आपण ॲव्हरेज विचारतो, किंमत विचारतो, हा आकडा विचारत नाही. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. पल्सर १५० तेवढीच. प्लॅटिना १०० आणि क्लासिक ३५० या दोन्ही ८०५च्या आसपास. मिटिऑर ३५० ही ७६५वर, आणि ॲव्हेंजर त्याहून खाली, ७३७वर. मॉडेल बदललं की आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून घेताना पत्रक पुन्हा पाहावं.

हे आकडे पाहून कुणालाही वाटेल, मग ॲव्हेंजर किंवा मिटिऑर घ्यावी, विषय संपला. मलाही तसंच वाटलं. मिस्त्री हसले. मिटिऑरचं वजन १९० किलोच्या वर आहे आणि स्प्लेंडरचं ११२ किलोच्या आसपास. सीट दोन सेंटिमीटर खाली मिळाली, पण वजन जवळजवळ ऐंशी किलोनं वाढलं. पाय पुरला तरी कललेली गाडी धरायची ताकद लागते. माझ्या घाटातल्या पडण्यात निम्मा दोष उंचीचा होता आणि निम्मा त्या गाडीच्या वजनाचा, हे मला तेव्हा समजलं. शिवाय बुटक्या माणसाला जागेवर गाडी मागे ढकलावी लागते, ओट्यावर चढवावी लागते. तिथे प्रत्येक किलो बोलतो.

तिसरी गोष्ट सीटच्या रुंदीची. पायाची वाट सरळ खाली जात नाही, सीटच्या कडेवरून वळून जाते. सीट पुढच्या बाजूला रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढे आखूड होतात. म्हणून कागदावर सारखी उंची असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीवर पाय टेकतो, दुसरीवर टेकत नाही. याला पत्रक उपयोगी नाही. दुकानात जाऊन, रोजचे बूट घालून, गाडी स्टँडवरून काढून तिच्यावर बसणं हाच उपाय. सगळं तोलून भाचीनं शंभर सीसीची हलकी, बटन स्टार्टची गाडी घेतली. बटन स्टार्ट मुद्दाम. आखूड पायाला किक मारताना गाडीचा तोल सांभाळणं अवघड जातं.

आता हिशेब मांडू. सीट साडेअठ्ठ्याहत्तर, पाय अडुसष्ट. फरक साडेदहा सेंटिमीटर. हा फरक एकाच जागी भरून काढायचा नाही, थोडा थोडा चार जागी काढायचा. घरखर्चात आपण काटकसर करतो तशीच.

पहिली जागा पायातली. जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे, न घसरणारे बूट घेतले. अडीच सेंटिमीटर मिळाले. चप्पल घालून गाडी चालवणाऱ्या बुटक्या माणसानं हे आधी करावं, बाकी सगळं नंतर.

दुसरी जागा सीट. पुण्यात नाना पेठेत सीटचं काम करणारी दुकानं आहेत, तालुक्याच्या गावीही कारागीर असतात. पण सांगताना नीट सांगायला हवं. आमच्या पहिल्या कारागिरानं मधला स्पंज सरसकट इतका खरवडला की बसलं की खालचा पत्रा टोचायचा. दुसऱ्याला मिस्त्रींनी समोर बसवून सांगितलं, ‘बसायच्या जागी फक्त इंचभर काढ. पुढे टाकीजवळ दोन्ही कडा उतरत्या कर. आणि उरलेला फोम चांगला, घट्ट टाक.’ उंचीपेक्षा त्या उतरत्या कडांनीच जास्त काम केलं. यात फायदा असा, की चुकलं तर नवी सीट मिळते. गाडीला काही होत नाही. मूळ सीट तशीच जपून ठेवावी. गाडी विकताना उपयोगी पडते.

तिसरी जागा मागचे शॉकअप. इथे एक गंमत आहे. आपल्याकडच्या साध्या गाड्या नवरा-बायको, मधे मूल आणि मागे पिशवी एवढा भार धरून बनवलेल्या असतात. पंचेचाळीस किलोची मुलगी एकटी बसली की स्प्रिंग जेमतेम दबते, म्हणजे हलक्या माणसाला तीच गाडी आणखी उंच पडते. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाली पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. ती आकड्यासारख्या पान्यानं फिरवून सर्वात नरम पायरीवर आणायची. पाच मिनिटांचं काम आहे. नवी कडी आणि तिचं बसणं मिळून दोन सेंटिमीटर खाली आले. मागे कुणी जड माणूस बसणार असेल त्या दिवशी कडी पुन्हा वर घ्यायची, नाहीतर खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो.

बेरीज करा. बूट अडीच, सीट अडीच, शॉकअप दोन. सात सेंटिमीटर झाले. राहिले साडेतीन. ती चौथी जागा, म्हणजे आपला चवडा. टाच उचलली की तेवढं अंतर सहज निघतं. दोन्ही चवडे टेकतात, आणि कंबर सीटवर थोडी डावीकडे सरकवली की डावा पाय टाचेसकट टेकतो. याहून जास्त गरज नाही. दोन्ही तळवे सपाट टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडला, की निम्म्या गाड्या आपल्या आवाक्यात येतात.

उरलं ते हाताचं. उंची कमी असली की हातही आखूड असतात, बोटंही. हँडल ढिलं करून किंचित आपल्याकडे फिरवता येतं. क्लचची केबल थोडी मोकळी केली तर लिव्हर बोटांच्या जवळ येते, मात्र क्लच पूर्ण सुटतो आहे ना हे पाहावं लागतं. गाडी वळवताना हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत जाऊन कुठली केबल ताणत नाही, हेही तपासावं. गाडी खाली आली की साईड स्टँडकडेही लक्ष द्यायला हवं. स्टँड आहे तेवढाच लांब राहतो, त्यामुळे गाडी जास्त सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं किंवा धक्क्यानं पलीकडे कोसळते. आमची दोनच सेंटिमीटर खाली आली, तीही माणूस बसल्यावर. म्हणून स्टँडला हात लावायची वेळ आली नाही.

आता जे करू नये ते. खेड्यापाड्यात स्प्रिंगचे दोन वेढे कापून गाडी खाली करण्याची युक्ती सांगतात. हे करू नका. स्प्रिंग जितकी आखूड, तितकी ती कडक होते, आणि कापलेलं टोक आपल्या जागी नीट बसत नाही. शॉकअप अख्खे बदलून आखूड टाकणं हा त्याहून बरा मार्ग, पण तोही जपून. फक्त मागची बाजू खाली आली तर पुढची बाजू वर उचलली जाते, हँडल सुस्त वळतं आणि रात्री हेडलाईटचा झोत रस्त्यावर न पडता झाडांच्या शेंड्यांवर पडतो. घाटात ते परवडत नाही. पुढचे पाईप वर सरकवून दोन्ही बाजू सारख्या खाली घ्याव्या लागतात, आणि तशी सोय सगळ्याच गाड्यांत नसते. शिवाय गाडीचं पोट जमिनीपासून जेवढं वर असतं, ते साधारण सोळा-सतरा सेंटिमीटर. त्यातले अडीच काढून घेतले तर केळदच्या वाटेवरचा पहिलाच दगड इंजिनाची खबर घेईल. उंची आपण जिथून उसनी घेतो, तिथे ती कमी पडतेच.

चासी कापणं, सांगाडा वाकवून वेल्डिंग करणं हे तर नावच काढू नये. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं नोंदणीतल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक फेरफाराला पाच हजारांचा दंड आणि कैदेची तरतूदही आली. पण दंडापेक्षा मला मिस्त्रींचं वाक्य जास्त पटलं, ‘सीट बिघडली तर ढुंगण दुखतं, चासी बिघडली तर माणूस जातो.’

एवढं करून गाडी तयार झाली, चालवणारी व्हायची होती. राजवाड्याजवळचा भाग गर्दीचा, म्हणून आम्ही सकाळी लवकर एका मोकळ्या पटांगणावर जायचो. तिनं गाडी चालवायला दोन दिवसांत शिकून घेतली. थांबायला शिकायला दोन आठवडे लागले. बुटक्या माणसाची खरी परीक्षा थांबण्यात असते. काही नियम आम्ही घोकून पाठ केले. थांबण्याआधी पाय कुठे पडणार ती जागा डोळ्यांनी पाहून घ्यायची. साईडपट्टीवर थांबायचं नाही, डांबरावरच थांबायचं. हँडल सरळ असतानाच शेवटचा ब्रेक लावायचा, वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. चढावर ब्रेक सोडण्याआधी क्लचनं गाडीला जरा ओढ द्यायची. आणि उताराकडे तोंड करून गाडी कधी लावायची नाही, कारण ती चढावर मागे ओढणं चवड्यांवर उभ्या माणसाला जमत नाही. लशींचा डबाही उंच कॅरिअरवर न बांधता सीटवर, पाठीला लागून बांधायचा. वजन जेवढं खाली, गाडी तेवढी शहाणी.

मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींत डॅनी पेड्रोसा नावाचा एक स्पॅनिश स्वार होऊन गेला. उंची साधारण एकशे साठ सेंटिमीटर, म्हणजे माझ्याहून दोन बोटं जास्त. त्यानं २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं लहान गटांतली जगज्जेतेपदं मिळवली आणि पुढे सगळ्यात मोठ्या गटात एकतीस शर्यती जिंकल्या. भाचीनं मोबाईलवर मला त्याची शर्यत दाखवली. म्हणाली, ‘मामू, बघा, थांबल्यावर त्याचेसुद्धा चवडेच टेकतात.’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशातल्या बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर भरते. म्हणजे माझी भाची काही फार वेगळी नाही. तिच्यासारख्या असंख्य जणी शिक्षिका आहेत, सेविका आहेत, दूध घालायला जाणाऱ्या आहेत. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकनं लूना आणली तेव्हा कितीतरी बायका आणि माझ्यासारखे आखूड पुरुष पहिल्यांदा कुणाच्या मागे न बसता घराबाहेर पडले, कारण तिच्यावर पाय टेकत होते. पाय टेकणं म्हणजे पडणार नाही एवढी खात्री. ती असली की माणूस पुढचं सगळं करतो.

भाचीला गाडी घेऊन आता दुसरा पावसाळा झाला. एकदा चिखलात घसरली, गुडघा खरचटला, पण तो घसरण्याचा दोष चिखलाचा होता. गाडी तिनं एकटीनं उचलली. पाठ गाडीला लावून, एका हातानं हँडल आणि एका हातानं मागचं कॅरिअर धरून, पायांच्या ताकदीनं मागे रेटत कशी उचलायची, ते मिस्त्रींनी आधीच शिकवून ठेवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या सुट्टीच्या दिवशी मी तिची गाडी मागितली. पत्नीला विचारलं, ‘येतेस?’ तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मी नवे, जाड तळाचे बूट घातले होते. मिस्त्रींकडून कडी दोघांच्या वजनापुरती वर घेतली आणि वरंध्याकडे निघालो. हिर्डोशीच्या पुढे घाटात, बहुधा त्याच वळणावर, समोरून एक ट्रक आला. मी जागा पाहिली, डांबरावरच थांबलो, कंबर जरा डावीकडे सरकवली आणि पाय सोडला.

टेकला.

मागून पत्नी म्हणाली, ‘आता चला.’ सत्तावीस वर्षांत त्या वळणाबद्दल ती बोललेली तेवढीच.